तरुणांनो, हाक कोणाची ते आधी पाहा!

ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांना आठवत असेल. आमच्या वडगावात, खासबागेत, शहापुरात गल्लीच्या तोंडाशी एक काळा फळा असे. भजनाची वेळ, कुणाच्या निधनाची वार्ता, मंगाई देवीच्या यात्रेसंबंधी पंचमंडळींची सूचना, मोर्चाचे ठिकाण, सारे त्या फळ्यावर खडूने लिहिले जाई. खाली सही असो वा नसो, अक्षर कोणाचे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. मजकूर चुकीचा निघाला तर त्या माणसाच्या दारात जाऊन जाब विचारता येई. त्यामुळे खडू हातात घेणारा दोनदा विचार करी.

आज तो फळा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. त्यावर कोण लिहितो, कोठून लिहितो आणि का लिहितो हे मात्र कोणालाच कळत नाही. मजकूर वाचून रस्त्यावर उतरणारी मुले मात्र आपली असतात, आपल्या शाळांतून शिकलेली असतात. म्हणून भाषाप्रश्नाच्या या पानावर आज हा विषय मांडणे एक शिक्षक आणि एक समिती कार्यकर्ता या दोन्ही नात्यांनी मला कर्तव्य वाटते.

हाक नवी नाही

बातमी कानावर पडावी आणि माणसे रस्त्यावर यावीत, हे सीमाभागाला नवे नाही. १६ जानेवारी १९५६ च्या रात्री पंतप्रधान पंडित नेहरूंचे भाषण आकाशवाणीवरून ऐकू आले आणि दुसऱ्याच दिवशी बेळगावात माणसे रस्त्यावर आली. गोळीबार झाला. १७ जानेवारी हा दिवस आपण आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो. पुढे १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले, त्याची आठवण हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक देते. मी त्या वेळी हायस्कूलचा विद्यार्थी होतो. पत्रके हातोहात फिरत, दैनिकातली बातमी पारावर मोठ्याने वाचली जाई, आणि सायंकाळच्या सभेत पुढारी समोर उभे असत. त्या आंदोलनातही चुका झाल्या असतील. पण नेता कोण आणि मागणी कोणती, याबद्दल कोणाच्याही मनात संभ्रम नव्हता.

साधने बदलत राहतात. रेडिओ आला तेव्हाही जुन्या लोकांनी नाके मुरडली असतील. तेव्हा मोबाईलला शिव्या देत बसण्यात हशील नाही. त्या साधनाने काय बदलले हे समजून घेणे अधिक शहाणपणाचे.

ती डिसेंबरची रात्र

१७ डिसेंबर २०२१ ची रात्र बेळगावकर विसरलेले नाहीत. बेळगावात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. त्याच आठवड्यात समितीच्या महामेळाव्याच्या वेळी दीपक दळवी यांच्या तोंडाला शाई फासण्यात आली होती. त्याची प्रतिक्रिया म्हणून कोल्हापुरात कन्नड ध्वज जाळला गेला होता. वातावरण आधीच तापलेले. अशा वेळी बेंगळुरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचा व्हिडिओ मोबाईलवर येऊन थडकला. तासा-दोन तासांत संभाजी चौकात तरुणांची गर्दी जमली. पुढे सरकारी वाहनांवर दगडफेक झाली, आणि त्याच रात्री अनगोळला संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. सकाळी शहरात जमावबंदी लागू होती. दोन डझनांहून अधिक तरुणांना अटक झाली.

महाराजांच्या विटंबनेने ज्याचे रक्त उसळणार नाही, तो मराठी माणूसच नव्हे. पण बेंगळुरात केलेल्या पापाचा जाब अनगोळच्या पुतळ्याला विचारून काय साधले? ज्या रायण्णांना इंग्रजांनी १८३१ साली नंदगडला फाशी दिली, ते नंदगड आपल्याच खानापूर तालुक्यातले. त्यांचा मान राखणे हा आपल्याही मातीचा मान राखणे आहे. महाराजांच्या नावाने बाहेर पडलेल्या गर्दीच्या रात्री असे काही घडावे, याइतकी शरमेची गोष्ट दुसरी नाही.

आता एक कबुली देतो. तो व्हिडिओ त्या रात्री मीही दोन ग्रुपवर पुढे पाठवला होता. खाली एकही शब्द लिहिला नाही, 'शांत राहा' एवढेसुद्धा नाही. आपण केवळ बातमी कळवत आहोत, असे मला वाटले. त्यातला एक ग्रुप माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा होता.

त्या ग्रुपमधला एक मुलगा त्या रात्री चौकात गेला. यंत्रमागावर राबणाऱ्या बापाचा मुलगा. सैन्यात जायचे म्हणून रोज पहाटे येळ्ळूर रस्त्याने धावणारा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. त्या कमानीकडे पाहत लहानाची मोठी झालेली अशी कितीतरी मुले आपल्या गावांत आहेत. त्याने दगड उचलला नाही, हे तो शपथेवर सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण तो गर्दीत होता आणि कोणाच्या तरी मोबाईलच्या चित्रणात दिसला. तक्रारीत नाव आले. त्यानंतर तो माझ्याकडे आला तो चारित्र्याचा दाखला मागायला. दाखला मी दिला. पण सैन्यभरतीत पोलीस पडताळणी असते आणि भरतीचे वय कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. आज तो बापाबरोबर मागावर उभा राहतो. भेटला की "सर, बरे आहात ना?" असे विचारतो. मला त्याच्या नजरेला नजर देता येत नाही.

धारावीचा धडा

हे केवळ सीमाभागात आणि केवळ भाषेच्या प्रश्नावर घडते असे नाही. ३१ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत धारावी येथे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या निवासस्थानाबाहेर शेकडो विद्यार्थी अचानक जमा झाले. दहावी-बारावीच्या परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर न घेता ऑनलाइन घ्या, अशी त्यांची मागणी होती. पोलिसांना लाठी उगारावी लागली. त्याच दिवशी नागपुरातही विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि तेथे बसची मोडतोड झाली. या साऱ्यामागे कोणतीही विद्यार्थी संघटना नव्हती. 'हिंदुस्थानी भाऊ' या नावाने समाजमाध्यमांवर परिचित असलेल्या एका इसमाने इन्स्टाग्रामवरून हाक दिली होती. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली.

परिणाम काय झाला? बारावीची परीक्षा ४ मार्चपासून आणि दहावीची १५ मार्चपासून, ठरल्याप्रमाणे केंद्रावरच झाली. कोरोनाच्या दोन वर्षांत मुलांची लिहिण्याची सवय मोडली होती, ही गोष्ट खरी होती. मुलांची भीती खोटी नव्हती. शाळा त्यांच्याशी बोलत नव्हती, पालकांना वेळ नव्हता, सरकारचा निर्णय परिपत्रकात अडकलेला होता. त्या पोकळीत जो माणूस मुलांच्या भाषेत बोलला, त्याच्या मागे मुले गेली. हाक देणारा स्वतः परीक्षेला बसणार नव्हता. लाठी खाणारी मुले बसणार होती.

हे घडते कसे?

पूर्वी एका माणसाचे बोलणे पन्नास माणसांपर्यंत जायला संध्याकाळ लागे. आता एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये हजाराहून अधिक माणसे असू शकतात. अफवांमुळे देशात माणसे ठेचून मारली गेल्यावर २०१८ साली कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, जो निरोप आधीच अनेकदा फिरून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. अशा निरोपावर दोन बाणांची खूण असते. ती खूण दिसली की समजावे, हा मजकूर आपल्याला पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही. तो कितीतरी हातांतून फिरून आलेला आहे. आमच्या मुलांना दोन बाण दिसतात, पण त्यांचा अर्थ कोणी सांगितलेला नाही.

दुसरे असे की, फळ्यावरची सूचना वाचून माणूस घरी जाई, जेवे, वडीलधाऱ्यांशी बोले. राग आणि कृती यांच्यामध्ये एक रात्र असे. मोबाईलने ती रात्रच काढून घेतली. तिसरे, ग्रुपवर 'मी निघालो', 'आम्हीही येतो' असे दहा निरोप आले की प्रत्येकाला वाटते सारे गाव निघाले. न जाणारे गप्प असतात, त्यांची संख्या कोणालाच दिसत नाही.

आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी टिळकवाडीतील एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात कन्नड ध्वज फडकावण्यावरून विद्यार्थ्यांत मारहाण झाली. चित्रण पसरले आणि त्याच्या निषेधार्थ कन्नड तरुण रस्त्यावर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बाळेकुंद्रीजवळ बसवाहकाशी झालेल्या भांडणाचे लोण मोबाईलवरून दोन्ही राज्यांत गेले आणि सीमेपलीकडच्या बसफेऱ्या बंद पडल्या. त्याचा भुर्दंड कोणाला पडला? निपाणीहून कोल्हापूरला कॉलेजला जाणाऱ्या मुलांना, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना. त्यात मराठी होते तसे कन्नडही होते.

पुण्याची मुले जिंकली, ती का?

येथवर वाचून कोणी म्हणेल, गुरुजी मुलांना घरी बसायला सांगताहेत. तसे मुळीच नाही. ११ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने तीन दिवसांवर आलेली १४ मार्चची पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर केले. त्याआधीही ती लांबणीवर पडलेली होती. खेड्यापाड्यांतून पुण्यात येऊन एका खोलीत चौघे-पाचजण राहून अभ्यास करणाऱ्या मुलांनी काय करावे? बातमी मोबाईलवर आली आणि काही तासांत नवी पेठेत शास्त्री रस्ता विद्यार्थ्यांनी भरून गेला. इतर शहरांतही मुले बाहेर पडली. त्याच सायंकाळी मुख्यमंत्र्यांना जनतेसमोर येऊन परीक्षा आठवड्याभरात घेऊ असे सांगावे लागले, आणि २१ मार्चला ती झाली. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत वर्णनात्मक परीक्षापद्धती २०२५ पासून लागू करावी, या मागणीसाठी पुण्यात विद्यार्थी पुन्हा बसले आणि आयोगाने ते मान्य केले.

धारावी आणि पुणे. साधन तेच, वयही जवळजवळ तेच. फरक कोठे? पुण्यात मागणी एका वाक्यात सांगता येत होती. ती कोणाकडे करायची हे ठरलेले होते. हाक देणारे आणि रस्त्यावर बसणारे एकच होते, आणि पुण्याच्या मुलांनी आपली शक्ती मोडतोडीत वाया घालवली नाही. म्हणून सरकारला उत्तर द्यावे लागले.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तरी हेच दिसते. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी तमिळ विद्यार्थी व तरुण समाजमाध्यमांवरील हाकेवरून जमले, दिवसरात्र शांततेने बसले आणि सरकारला अध्यादेश काढावा लागला. पण थांबायचे कधी हे सांगणारा कोणी नसल्याने शेवटच्या दिवशी, २३ जानेवारीला, हिंसाचार झालाच. नेपाळात सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने समाजमाध्यमेच बंद केली. ८ तारखेला काठमांडूत तरुण रस्त्यावर आले, त्यांत शाळेच्या गणवेशातली मुलेही होती. पहिल्याच दिवशी किमान १९ जण गोळीबारात मेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, पण त्याच दिवशी संसदेची इमारतही जळाली. मोबाईलने माणसे जमवता येतात. जमलेल्या माणसांना सावरायला माणूसच लागतो.

बंदी हा उपाय नव्हे

काही पालक म्हणतात, मुलांचे मोबाईल काढून घ्या. काही अधिकारी म्हणतात, इंटरनेट बंद करा. आम्हाला दोन्ही मान्य नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरला दोन तरुण मुलींना फेसबुकवरील साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली होती. त्या प्रकाराने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम रद्द केले. त्या निकालात न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत भेद केला आहे. चर्चा करण्याचा आणि एखाद्या मताचे समर्थन करण्याचा हक्क आहे. चिथावणी देण्याचा नाही. मराठी शाळा जगाव्यात असे लिहिणे हे समर्थन. अमक्या चौकात येऊन अमक्याला धडा शिकवा असे लिहिणे ही चिथावणी. दहावीच्या मुलालाही हा फरक समजावता येतो.

त्याचबरोबर कायद्याची दुसरी बाजूही मुलांना ठाऊक हवी. १ जुलै २०२४ पासून १४४ कलमाच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ कलम आले आहे. जमावबंदीचा आदेश असताना 'मी नुसता बघायला गेलो होतो' हे उत्तर पुरत नाही. पाच किंवा अधिक माणसांचा जमाव बेकायदेशीर ठरला आणि त्याच्या समान उद्देशासाठी गुन्हा घडला, तर दगड एकाने मारला तरी जमावातला प्रत्येक जण जबाबदार धरला जाऊ शकतो. माझ्या त्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगितले नव्हते. आठ-दहा वर्षे शिकवूनही मीही सांगितले नव्हते.

दोष आमचाही

तरुणांना चार शब्द सुनावणे सोपे असते. पण आम्ही वडीलधाऱ्यांनी आरशात पाहायला हवे. सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ सालचा. आज कॉलेजात असणारी मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. दाव्यात काय मागितले आहे, हे त्यांना कोणी समजावले? १ नोव्हेंबरच्या सायकल फेरीत आम्ही त्यांना घोषणा द्यायला बोलावतो, बैठकीत मात्र मागच्या रांगेत बसवतो. बोलू देतच नाही. मग ज्या अनोळखी ग्रुपवर त्यांना बोलता येते, तेथे ती जातात. त्या डिसेंबरच्या रात्री आमच्या गावच्या समितीतल्या एकानेही 'आज कोणी बाहेर पडू नका, उद्या सकाळी दहा वाजता निवेदन द्यायला जाऊ' असा निरोप आपल्या नावानिशी टाकला नाही. सकाळ होईपर्यंत आम्ही गप्प होतो. रान मोकळे सोडले तर त्यात कोणाचीही गुरे शिरणार!

तेव्हा काही सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक गावच्या समितीत कॉलेजात शिकणारी किमान दोन मुले आणि दोन मुली सभासद म्हणून घ्याव्यात, नुसत्या स्वयंसेवक म्हणून नव्हे. गावच्या ग्रुपवर समितीचा निरोप जाईल तो नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांकासह जावा. बिननावी हाक ती आमची नव्हे, हे सर्वांना माहीत असावे. काही भडक घडले तर तासाभरात समितीचा शब्द लोकांपर्यंत पोहोचावा. आणि आंदोलनात ज्यांच्यावर खटले आहेत, त्या मुलांच्या तारखांना गावातला एक तरी जाणता माणूस सोबत असावा.

मुलांनी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. ही हाक कोणी दिली आणि तो स्वतः तेथे येणार आहे काय? मागणी कोणती आणि ती कोणाकडे? किती वाजता जमायचे आणि किती वाजता परतायचे? काही विपरीत घडले तर आपल्यासाठी उभा राहणारा कोण? चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर जरूर जा. आम्ही तुमच्या पुढे चालू. एकाचे जरी मिळाले नाही, तर त्या रात्री घरी थांबा. घरी थांबणे म्हणजे भ्याडपणा नव्हे.

आणि हाच मोबाईल कामाला लावायचा असेल तर काम डोंगराएवढे पडले आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे घटनेचे ३५०-अ कलम सांगते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद ३५०-ब मध्ये आहे. आपल्या तालुक्यात कोणत्या मराठी शाळेत किती शिक्षक कमी आहेत, कोणत्या वर्गाला पुस्तके उशिरा मिळाली, कोणत्या गावाला कॉलेजच्या वेळेची बस नाही, याची गाववार नोंद मुलांनी मोबाईलवर करावी. फोटो काढावेत, तारीख घालावी, आणि ते सारे घेऊन शंभर मुलांनी भर दुपारी, निवेदन हातात धरून जिल्हाधिकारी कचेरीत जावे. अशा मोर्चावर लाठी उगारताना कोणालाही दहा वेळा विचार करावा लागेल. रात्रीच्या गर्दीला सरकार भीत नाही, तिच्याकडून त्याला निमित्तच मिळते. अडचण होते ती पुराव्यानिशी आलेल्या मुलांची.

गल्लीतला फळा आता परत येणार नाही. पण फळ्याखाली उभे राहून 'हे मी लिहिले आहे' म्हणणारा माणूस परत आणता येईल. मी माझ्यापुरते ठरवले आहे. यापुढे एकही निरोप नाव न घालता पुढे पाठवणार नाही आणि चिथावणीचा निरोप पाठवणारच नाही. त्या मुलाच्या पुढच्या तारखेला मी त्याच्यासोबत कोर्टात जाणार आहे. आपल्या गावातही असा एखादा मुलगा असेल. त्याच्या घरी एकदा जाऊन या.